ओसरीवर मोजलेलं ताट

लोकांची पहिली नोकरी बँकेत असते, शाळेत असते, गेलाबाजार पोस्टात तरी असते. माझी पहिली नोकरी म्हाताऱ्यांच्या ताटात होती. सव्वा वर्ष मी परभणी जिल्ह्यातल्या साठीपुढच्या माणसांची भाकरी तराजूत घालून मोजली, त्यांच्या हातापायांची कातडी भिंगातून पाहिली. ‘अंघोळ आपल्या हातानं करता का’ हा प्रश्नही विचारला, आणि त्यातल्या दोघांनी मला काठी उगारून गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं. पैकी एकाला काठी टेकल्याशिवाय चालता येत नाही, असं मी नुकतंच फॉर्मवर लिहून घेतलं होतं. ते खोडावं लागलं.

वैद्यकीय संशोधनाचा एक प्रकल्प होता. परभणीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका खोलीत कागद, दुसऱ्या खोलीत डॉक्टर मॅडम. खेड्यातली म्हातारी माणसं काय खातात, आपलं आपण किती करू शकतात आणि त्यांना कातडीचे कोणते आजार होतात, हे शोधायचं होतं. मॅडमना असा दाट संशय होता की हे तीन प्रश्न वेगळे नाहीतच. म्हणून माझ्या झोळीत तीन रंगांचे फॉर्म असत. पिवळा आहाराचा, पांढरा स्वावलंबनाचा, गुलाबी कातडीचा. शिवाय लाकडी पेटीत एक तराजू. या पेटीमुळं गावोगाव माझं नाव ‘काटेवाला’ पडलं. मी बी.एस्सी. होतो, पण ते कुणी विचारलं नाही.

पांढरा फॉर्म सगळ्यात अवघड. येलदरी धरणावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी अंघोळीचा प्रश्न विचारला, तेव्हा तो जाळं विणता विणता म्हणाला, “सून पानी घालती म्हनलं तर लोक म्हनतील म्हातारा निकामी झालाय. माझा मी घेतो म्हनलं तर लोक म्हनतील सून बगत न्हाई. तूच लिव बाबा तुला काय लिवायचं ते.” मी ‘कधी कधी’ या रकान्यात खूण केली. त्या रकान्यात पुढं निम्मा जिल्हा मावला.

पिवळा फॉर्म त्या मानानं सोपा दिसायचा. चूल पेटायच्या आधी पीठ, डाळ, तेल मोजायचं. शिजल्यावर भांडं मोजायचं. मग म्हाताऱ्याचं ताट मोजायचं आणि जेवण झालं की ताटात उरलेलं मोजायचं. म्हणजे तराजूवाल्याला सकाळपासून चुलीजवळ बसायला हवं. इथं योजना आखणाऱ्या मोठ्या लोकांचा एक अंदाज चुकला. त्यांनी अक्षर बरं असलेला, सायकल मारणारा, म्हाताऱ्यांशी गोड बोलणारा मुलगा निवडला. तो बौद्ध आहे आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं चालू आहेत, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कुठंच आली नव्हती.

मला ती पहिल्याच गावात कळली. नाव विचारलं, सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. पाण्याचा तांब्या घेऊन निघालेली बाई अर्ध्या वाटेत थांबली आणि तांब्या घेऊन परत गेली. बाकी काही वावगं झालं नाही. सतरंजी टाकली, पान पुढं केलं. फक्त मी पेटी उचलून आतल्या उंबऱ्याकडं निघालो, तसे घरमालक हात आडवा न करता आडवे आले. “साहेब, तुमी कामून तरास घ्यायलाव? हितंच बसा ओसरीवर. ताट भाईर येतंय.”

ताट बाहेर आलं. मी मोजलं. ताट आत गेलं. थोड्या वेळानं रिकामं ताट बाहेर आलं, मी ‘उरलेलं’ या रकान्यात शून्य लिहिलं.

हीच पद्धत मग सगळीकडं रूढ झाली. मीही कुरकुर केली नाही. ओसरीवर वारा होता, चुलीचा धूर नव्हता, आणि अपमान रोज एकाच जागी बसून होत असला की त्याची बैठक मोडत नाही. मॅडमना मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझे फॉर्म सुंदर असत. एकही रकाना रिकामा नसे.

पालमपासून पुढं एस.टी.नं जाऊन मग पायी जायचं असं एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं हा अंक वाचणारे लोक आहेत. त्या गावात किशनराव नावाच्या बऱ्या शेतकऱ्याचं घर होतं आणि त्यांची आई गयाबाई माझ्या यादीत होती. मी गेलो तर म्हातारी घरात नव्हती. अंगणापलीकडं, बैलांच्या गोठ्यात एका कोपऱ्याला तिची बाज होती.

तिचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत काळे पडले होते. खपल्या, भेगा. पायांवर तसंच. गळ्याभोवती काळसर पट्टा, जणू कुणी ओला कोळसा घेऊन माळ काढावी. गावातल्या जाणत्या माणसांनी लांबून बघून निदान केलं होतं. महारोग. त्या दिवसापासून म्हातारीची ताटली वेगळी, कप वेगळा, मुक्काम गोठ्यात. चाळीस वर्षं ज्या चुलीपुढं तिचा शब्द चालला, ती चूल सुनेकडं गेली होती.

आणखी एक होतं. नात शोभा हिचं लग्न ठरलं होतं. सोयरे घर बघायला येणार होते. त्यांच्या नजरेला महारोगी आजी पडू नये म्हणून किशनराव पुढच्या सोमवारी तिला लांबच्या एका आश्रमात ठेवून येणार होते.

“तुम्हाला काय वाटतं आजी?” मी पांढरा फॉर्म बाजूला ठेवून विचारलं. असा प्रश्न त्यात नव्हता.

ती बैलाकडं बघत म्हणाली, “शोभीच्या लग्नाचं पुरान मी घालनार व्हते.” पुरण म्हणायचं होतं तिला. तिची जीभ जड झाली होती आणि मन मधेच कुठंतरी जाऊन बसत होतं. ‘आज वार कोणता’ या प्रश्नावर तिनं मला उलट विचारलं, “कुनाचा?” मी फॉर्मवर ‘स्मृती मंद, वयोमान’ असं लिहिलं आणि ओसरीवर येऊन तिचं ताट मोजलं. दोन भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी, वाटीभर दूध.

परभणीला मॅडमनी गुलाबी फॉर्म दोनदा वाचला. “दोन्ही हात सारखेच? गळ्यालाही? उन्हात उघडं राहतं तेवढंच?” त्या खुर्चीत पुढं सरकल्या. मग पिवळा फॉर्म पाहिला आणि मागं टेकल्या. “डाळ आहे, दूध आहे, शेंगदाणे आहेत. मग मला वाटलं ते नसणार. मी स्वतः बघते.”

त्या स्वतः बघायला दुसऱ्या दिवशी निघणार होत्या, तर नामांतरावरून बंद पुकारला गेला. रस्ते अडले, जीप निघाली नाही. दोन दिवसांनी एस.टी. धिम्यानं सुरू झाली, तसा मीच पुन्हा गेलो. नियमानं प्रत्येक म्हाताऱ्याचं ताट दोन वेगळ्या दिवशी मोजायचं असे. शुक्रवार होता तो.

ताट बाहेर आलं, मोजलं, आत गेलं. वरण पहिल्या दिवसापेक्षा घट्ट होतं. मी उठून फाट्यावर गेलो, तर पुन्हा गाड्या बंद. भर दुपारी परत गावात आलो. किशनरावांच्या दाराला आतून कडी होती, सगळे जेवून लवंडले असावेत. सावली एकच होती, गोठ्याची. मी तिच्या कडेला उभा राहिलो.

आतून आवाज आला, “कोन हाय?”

“मी. काटेवाला.”

“आत ये की. ऊन लागून मरशील आन् खापर माझ्यावर फुटंल.”

“आजी, तुम्हाला चालंल?”

म्हातारी हसली. “मला आता कोन शिवतंय? मला न्हाई कोन शिवत, तुला न्हाई कोन शिवत. आपन दोघं लांब लांब बसून कुनाला दाखवायलाव?” मग अगदी प्रामाणिकपणे, “आदी असतं तर चालू दिलं नसतं हां मी.”

मी आत गेलो. तिनं आपल्या माठातलं पाणी आपल्याच कपात ओतून दिलं. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कप, कानापाशी पोचा आलेला. त्या गावात मला मिळालेलं ते पहिलं पाणी. मी प्यालो.

तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि किशनरावांची बायको, सुमनवहिनी, ताटली घेऊन आली. मला गोठ्यात बघून ती थबकली. ताटलीत भाकरी कुस्करलेली, वर मिठाचं पाणी. दुसरं काही नाही.

“वहिनी, वरण कुठाय?” मी म्हणालो.

“कसलं वरन?” म्हातारीनं विचारलं.

“मघाशी ओसरीवर मोजलं ते. तुमच्या ताटातलं.”

“ते व्हय!” म्हातारी खूश झाली. “ते तुझं ताट. तू गेल्यावर पोरं खात्यात. तू येनार म्हनलं की घरात वरन शिजतंय, दूद येतंय. तू रोज येत जा बाबा.”

नाटकात अशा वेळी पडदा पडतो. इथं बैलानं शेपटी हलवली. मी पेटी उघडली, ताटली तराजूत ठेवली आणि वजन लिहून घेतलं.

“हे काय करायलाव?” वहिनींचा आवाज चढला. “हे नका लिवू. आमी काय तिला द्यायचं न्हाई म्हनून देत न्हाई का? दात गेल्यापून आत्याबाईच म्हनत्यात, वरन झोंबतंय, भाजी चावत न्हाई, दुदाचा वास येतो. भाकर कालवून दे. म्हनून देते. पर सरकारच्या कागदात आमच्या म्हातारीला नुसती भाकर लिवायची? घराची काई इज्जत हाय का न्हाई?”

“किती दिवस असंच खातात त्या?”

“झालं असंल वरीस.”

मी आजींना जीभ दाखवायला सांगितली. लाल, सोललेली, कच्च्या मांसासारखी. गेल्या खेपेला मी कातडी पाहिली होती, तोंडात डोकावलो नव्हतो. गुलाबी फॉर्ममध्ये जिभेचा रकाना होता. मी तिथं ‘ठीक’ लिहिलं होतं.

संध्याकाळी एका ट्रकनं पालम गाठलं आणि शनिवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर नवा पिवळा फॉर्म ठेवला. जुना त्याच्या शेजारी ठेवला. मग ओसरीची सगळी कथा सांगितली. सांगताना मी अभिनय कमी केला.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे इतके महिने तू काय मोजलंस?”

“पाहुणचार, मॅडम.”

त्या हसल्या नाहीत. “आश्रमात कधी नेणार आहेत?”

“परवा.”

“मग आज निघायचं.”

रस्ते तोवर खुले झाले होते. वाटेत जीपमध्ये त्यांनी मला समजावलं, तेच तुम्हाला सांगतो. माणूस नुसत्या ज्वारीवर राहिला, डाळ-दूध-शेंगदाणे पोटात गेले नाहीत, तर एक जीवनसत्त्व कमी पडतं. मग जिथं ऊन लागतं तिथली कातडी जळल्यासारखी काळी पडते, तोंड येतं, पोट बिघडतं, बुद्धीवर मळभ येतं. याला पेलाग्रा म्हणतात. आमच्याकडं कातडी बघून त्याला महारोग म्हणत, आणि बुद्धी बघून म्हातारपण. औषध साध्या गोळ्यांचं. स्पर्शानं कुणाला होत नाही.

मॅडमनी म्हातारीच्या हातापायांवर कापूस फिरवला, टाचणीचं टोक टेकवलं. दर वेळी म्हातारी “आई गं” म्हणाली. महारोगाच्या डागात बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही, हिला सगळीकडं नीट कळत होता. मॅडम अंगणात जमलेल्या लोकांसमोर म्हणाल्या, “हा महारोग नाही. हा खाण्यातल्या कमतरतेचा आजार आहे.”

मला वाटलं आता सगळे हात जोडतील. किशनरावांचा चेहरा मात्र पडला आणि मग लाल झाला.

“म्हंजी आमी आईला उपाशी ठिवलं म्हनायलाव का तुमी? महारोग तर कुनालाबी व्हतोय, त्याला आपला इलाज न्हाई. पर ह्यानं आईला खायला घातलं न्हाई म्हनून बोभाटा झाला तर सोयरे दारात उबे ऱ्हायचे न्हाईत. आमाला गोळ्या नको. आमी सोमवारी आश्रमात नेनार.”

मॅडम गोंधळल्या. बरा होणारा आजार नको आणि न होणारा चालेल, असा नातेवाईक त्यांना आजवर भेटला नसावा. मला मात्र किशनरावांचं म्हणणं पुरतं कळलं. चार लोकांत आपली जागा कुठं ठरते, याचा माझा अभ्यास मॅडमपेक्षा जास्त होता.

मी ओसरीवरून अंगणात उतरलो. नाटकाला मोकळी जागा लागते. “आजी, जरा आ करा.” म्हातारीनं आ केला. मी पंचांसारखे चार शेजारी जवळ बोलावले. “बघा. किती दात दिसतात? एक. तोही हलतोय. आता किशनरावांनी सोन्याच्या ताटात पंचपक्वान्नं वाढली तरी या तोंडातून आत जाणार आहेत का? मॅडम कमतरता म्हणाल्या ती ताटातली नाही. दात गेले, घास बाहेर राहिला, आजार आत आला. सगळा गुन्हा दातांचा आहे.”

मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या गालावर हात ठेवला. “माझे चार ऱ्हायलेत. मला बी व्हईल का वं?”

“वरण खात नसाल तर होईल.”

“आजपून खातो,” तो म्हणाला आणि त्याची सून तोंडावर पदर धरून हसली. मग सगळेच हसले. किशनराव हसले नाहीत, पण गोळ्यांची पुडी त्यांनी घेतली. केस दातांवर शेकली. मॅडम माझ्याकडं चष्म्यावरून बघत होत्या. मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, फक्त प्रकाशझोत जरा बाजूला सरकवला होता. त्यांनी वहिनींना समजावलं की वरण बिनतिखटाचं, पातळ, शेंगदाण्याचं बारीक कूट भाकरीच्या काल्यात, दुधात गूळ. सोमवार आला आणि गेला. म्हातारी घरीच राहिली.

पुढचं काम गोळ्यांनी केलं. आठवडा उलटला नाही तोच जीभ निवाली, पोट सुधारलं. मग हातावरची काळी साल सुटत गेली आणि खाली पोरासारखी कोवळी कातडी आली. मी मधे एकदा गेलो आणि विचारलं, “आज वार कोणता?”

“बुदवार. आन् तू रईवारी येतो म्हनला व्हतास. मी काय वाट बगत बसायची का तुझी?”

‘स्मृती मंद, वयोमान’ मी खोडलं. ‘वयोमान’ हा शब्द नंतर मी कुठल्याच फॉर्मवर लिहिला नाही.

लग्न झालं. पुरण म्हातारीनंच घातलं, असं वहिनींनी थोडं नाराजीनंच सांगितलं. चूल पुन्हा सासूकडं गेली होती आणि मीठ किती घालायचं यावरून घरात रोज वाजत होतं. पांढऱ्या फॉर्मवर स्वावलंबनाचा इतका चांगला पुरावा मला दुसरीकडं मिळाला नाही.

राहिली एक बोच. ओसरीवर बसून भरलेले माझे बाकीचे पिवळे फॉर्म. मॅडमनी शक्य तितक्या घरांत पुन्हा मोजणी करायला लावली, पुढच्या कामासाठी एक बाई नेमली, जी चुलीपर्यंत जाऊ शकेल. तरी सगळी घरं पुन्हा होणं शक्य नव्हतं. काही गठ्ठे तसेच पुढं गेले. परभणी जिल्ह्यातली म्हातारी माणसं बरं जेवतात, असं कुठल्या अहवालात छापलेलं असेल तर त्यात थोडी माझ्या हातची चव आहे. त्या घरांतल्या कोणकोणत्या गोठ्यात कोण होतं, हे मला माहीत नाही.

शेवटच्या तपासणीला मी गेलो तेव्हा ओसरीवर सतरंजी होती, वारा होता, सगळं जिथल्या तिथं. वहिनी चहा घेऊन आल्या. कप जर्मनचा होता, कानापाशी पोचा आलेला. मी तो लगेच ओळखला. म्हातारी घरात गेल्यावर कप मोकळा झाला होता, आणि वापरातली वस्तू टाकून देणारं ते घर नव्हतं. वहिनींच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटलं नाही. त्यांनी आपल्या परीनं मला चहा दिला होता, पहिल्यांदाच.

मी कप उचलला. आतून म्हातारी आली, हाताला पीठ लागलेलं. तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सरळ माझ्या हातातून कप काढून घेतला.

“हा माझा हाय,” ती म्हणाली. सतरंजीच्या कडेला बसली आणि फुर्र करून चहा प्यायला लागली. “सुमन, ह्याला च्या आन.”

आत बराच वेळ भांडी वाजली. जरुरीपेक्षा जास्त वाजली. मग बशीसकट एक कप आला, निळ्या फुलांचा. सोयऱ्यांसाठी काढत असावेत.

मला आत बोलावलं का? नाही. तराजू त्याही दिवशी ओसरीवरच लागला. पण ताट ती स्वतः घेऊन आली. मी भाकरी मोजली, वरण मोजलं, कूट मोजलं. वहिनी ताट न्यायला पुढं झाल्या तर म्हातारीनं ते मांडीशी ओढलं आणि माझ्यासमोर बसून, एक एक घास कालवत, सगळं खाल्लं. शेवटी बोट फिरवून वाटी चाटली आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ‘उरलेलं’ या रकान्यात शून्य लिहिलं. अशी शून्यं मी शेकड्यांनी लिहिली होती. डोळ्यांनी पाहून लिहिलेलं ते पहिलं.